स्थलांतराचा धडा बाहुल्यांच्या हाती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर उतरलेल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची छायाचित्रे आपण गेल्या रविवारी अर्धे पान देऊन छापली. मी भिगवण परिसरातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शिकवते. ते पान कापून आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावले आहे आणि मधल्या सुट्टीत मुले त्याच्याभोवती घोटाळत असतात. आपल्या वार्ताहराने पक्ष्यांची माहिती नेमकी दिली आहे, त्यात मला काही दुरुस्ती सुचवायची नाही. पण पक्षी पाहायला येणाऱ्या मोटारी ज्या रस्त्याने कुंभारगावकडे वळतात, त्याच रस्त्याच्या कडेला दर हिवाळ्यात ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. बीड, जालना, पाथर्डीकडची ही कुटुंबे आणि मंगोलिया-तिबेटकडचे पक्षी आमच्या शिवारात साधारण एकाच सुमाराला येऊन पोहोचतात. आमच्या शाळेत आम्ही या दोन्ही स्थलांतरांचा धडा एकत्र शिकवतो आणि तो बाहुल्यांच्या खेळातून शिकवतो. हा प्रयोग साखर कारखान्यांच्या परिसरातल्या इतर शाळांनी करावा आणि शिक्षण विभागाने त्याला हात द्यावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

पक्षी स्थलांतर का करतात, असे चौथीच्या कुठल्याही मुलाला विचारा. अन्न, थंडी, पिलांसाठी सुरक्षित जागा, अशी उत्तरे तो घडाघडा देतो. पण तुझ्या शेजारच्या बाकावर दिवाळीनंतर बसायला आलेला मुलगा कुठून आला, का आला, मार्च-एप्रिलात कुठे जातो, असे विचारले की वर्ग गप्प होतो. कधी एखादा पुटपुटतो, "कोयत्यावाल्यांचा हाय त्यो." हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याचे मूळ गाव ज्याला तोंडपाठ आहे, त्याला शेजारी बसलेल्या मुलाचा तालुका ठाऊक नसतो. हे मला फार वर्षे सलत होते.

शिक्षकांसाठी दिल्लीच्या सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) या संस्थेत शिक्षणातील बाहुलीकलेवर कार्यशाळा होतात. तिथे मला जाण्याची संधी मिळाली. हातमोजा बाहुली, काठीची बाहुली, दोरीची कळसूत्री बाहुली आणि पडद्यावरची सावलीची बाहुली, असे चारही प्रकार तिथे हाताने करायला शिकवतात. परतल्यावर आम्ही पहिला खेळ पक्ष्यांचाच करायला घेतला. पण खेळ बसवताना पक्षी इथेच का येतात, या साध्या प्रश्नापाशी आम्ही थांबलो आणि तिथून सगळा खेळ वेगळ्याच वाटेने गेला.

कारण या प्रश्नाचे उत्तर उजनी धरण हे आहे. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा फुगवटा भिगवणच्या वरपर्यंत पसरतो. उन्हाळ्याकडे पाणी ओसरत जाते तशी काठाला उथळ दलदल उघडी पडते. तिथले बारीक जीव टिपायला रोहित येतात, पाणटिवळे येतात, चक्रवाक येतात. हेच पाणी शेतात गेले आणि जिथे ज्वारी-बाजरी व्हायची तिथे ऊस उभा राहिला. ऊस आला म्हणून कारखाने आले. कारखान्यांना तोडणीसाठी माणसे लागली, म्हणून बालाघाटच्या डोंगरावरचा कोयता इथे आला. आणि या सगळ्याच्या आधी त्याच पाण्याने इथली गावे उठवली. माझ्या सासूबाईंचे माहेर जुन्या पळसदेवचे. पाणी फार खाली गेले की पळसनाथाच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते, तेव्हा त्या आजही हात जोडतात आणि आपले घर देवळापासून कुठल्या अंगाला होते ते नातवंडांना बोटाने दाखवतात. म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनाही एकदा बिऱ्हाड पाठीवर घ्यावे लागले होते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आज्या विस्थापित आहेत आणि हे त्या मुलांना माहीत नव्हते.

म्हणून आमच्या खेळात नेपथ्य म्हणून एकच निळे लुगडे असते. सुरुवातीला ते जमिनीवर पडलेले, मध्ये सुतळीएवढी नदी. मागे पुठ्ठ्याची घरे, देऊळ, पार. दोन मुले लुगड्याची टोके धरून हळूहळू वर उचलतात. घरे एकेक करून झाकत जातात, माणसांच्या काठीच्या बाहुल्या डोक्यावर भांडी घेऊन बाजूला सरकतात, शेवटी फक्त शिखर उरते. मग त्याच निळ्या कापडावर पक्षी उतरतात. मग त्याच कापडाच्या कडेला हिरव्या कागदाचा ऊस वर येतो. आणि मग घुंगरांचा आवाज करत बैलगाडी येते. सासूबाईंनी हा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाणी चढण्याच्या प्रसंगाला त्या उठून उभ्या राहिल्या आणि "दळायचं जातं ऱ्हायलं की रं खाली" असे म्हणाल्या. त्या दिवसापासून खेळात एक आजी जाते विसरते आणि परत फिरू पाहते. तिला तिचा मुलगा ओढून नेतो.

आता पक्ष्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण बाहुली करताना मुले जे शिकली ते मला फळ्यावर शिकवता आले नसते. आम्ही निवडला तो पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया, तिबेटच्या पठारावर वीण करतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात येतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या अंगावर बसवलेल्या यंत्रांतून त्याने सात हजार मीटरच्याही वर भरारी घेतल्याची नोंद झाली आहे. तिथे हवा इतकी विरळ असते की माणसाला चार पावले चालताना धाप लागते. या पक्ष्याचे रक्त कमी हवेतूनही प्राणवायू नीट धरून ठेवते. आमची मुले आधी हंसाला थेट उंच धरून बाकांच्या हिमालयावरून सरळ रेषेत न्यायची. पण खरा हंस तसा उडत नाही. तो डोंगराच्या चढ-उताराबरोबर वर जातो आणि पुन्हा खाली येतो, कारण विरळ हवेत पंख मारण्याची मेहनत फार, उंची राखून उडत राहण्यापेक्षा खाली येऊन पुन्हा चढणे त्याला परवडते. हे सांगितल्यावर मुलांनी बाकांवर बाके रचून खरोखरच शिखरे आणि दऱ्या केल्या आणि हंसाला त्यांच्या अंगाला लागून वर-खाली नेऊ लागली. हात उंच ठेवून दोरी धरणाऱ्या मुलीचे दंड भरून येतात. उंचावर राहायला किती ताकद लागते हे तिला तिच्या दंडातून कळते.

हंसाचे पोट आम्ही उसाच्या पाचटाची गुंडाळी करून बांधतो, वर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवतो. मान सायकलच्या जुन्या ट्यूबची, पंख जुन्या एक्स-रे फिल्मचे. फिल्म हलकी असते आणि हवेत फडफडल्यावर आवाजही छान येतो. पंखाला आणि अंगाला जोडणारी बिजागरी म्हणजे कापडाची पट्टी. एका हंसाला दोन मुले लागतात, एक मान आणि धड सांभाळायला, दुसरे पंखांना. ही जोडी लावताना माझा एकच नियम आहे: एक मूल गावातले, एक कोपीवरचे. दोघांच्या हाताची लय जुळल्याशिवाय हंस उडत नाही, तो लटपटतो आणि सगळा वर्ग हसतो. जी मुले पोषण आहाराला वेगवेगळ्या ओळीत बसायची, ती लय जुळावी म्हणून शाळा सुटल्यावरही ओट्यावर एकत्र सराव करताना मी पाहिली आहेत.

खेळात मेंढ्याही आहेत, कारण आमच्या वर्गात धनगरांची मुले आहेत. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, हलतो, मेंढरे घेऊन लोक घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. इथे जनावर आणि माणूस मिळूनच स्थलांतर करतात. मेंढरे कुणाच्या शेतात बसवली की त्या शेताला खत मिळते, आणि शेतकरी त्या बदल्यात धान्य-पैसा देतो. एका मुलाचे आजोबा वर्गात येऊन वाटेतले मुक्काम सांगून गेले. घोड्यावर आधी काय बांधायचे, वर काय, कोंबड्या कुठे, नुकते जन्मलेले कोकरू कुठे, हे त्यांनी दप्तरे एकमेकांवर रचून दाखवले. आमच्या बाहुलीच्या घोड्यावर आज अगदी त्याच क्रमाने बिऱ्हाड चढते. मेंढ्यांना खरी लोकर लावली आहे, ती त्याच आजोबांनी दिली.

आता कोयत्याकडे येते. मला जे मुख्य सांगायचे आहे ते इथे आहे.

माणसाचे स्थलांतर पक्ष्यासारखेच नैसर्गिक आहे, असे सांगून मोकळे व्हायचा मोह शिक्षकाला होतो. ऐकायला ते गोड लागते, भेदभाव नको हा संदेशही जातो. पण ते खरे नाही आणि मुलांना ते सांगू नये. हंस आपल्या बळावर येतो आणि आपल्या वेळेला जातो. ऊसतोड कामगार दसऱ्याच्या आगेमागे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो आणि ती फिटेपर्यंत हंगामाशी बांधला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक आजारी पडले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपून पट्टा पडला तरी कित्येकदा उचल पूर्ण फिटलेली नसते, मग ती पुढल्या वर्षाच्या डोक्यावर बसते. गावाकडे कोरडवाहू जमिनीचा तुकडा, पावसाची खात्री नाही, दुसरे काम नाही. यातले काहीही निसर्गाने ठरवलेले नाही, माणसांनी केलेली व्यवस्था आहे ती. हंस आणि कोयता एका रंगमंचावर आणायचे ते त्यांच्यातले साम्य दाखवायला आणि त्याहून जास्त, त्यांच्यातला हा फरक दाखवायला.

आणि हा फरक मला सांगावा लागला नाही. संवाद मुलेच रचतात. पाण्यावर हंस उतरलेला असतो आणि मुकादमाची बाहुली फेरफटका मारत तिथे येते. पाथर्डीकडच्या एका मुलाने मुकादमाच्या तोंडी वाक्य घातले, "ए हंसा, लई लांबून आलास. उचल घे की!" हंस चालवणारी गावातली मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मला नगं. मंग मला परत जाता यायचं न्हाय." पाठ करून घेतलेले नव्हते. त्या मुलीच्या घरचाच ऊस त्या आठवड्यात तुटत होता.

दुसरा प्रसंग मोळीचा. तोडणाऱ्या बाईची काठीची बाहुली आम्ही केली, तेव्हा तिच्या डोक्यावर मोळी ठेवली की मान पुढे कलंडायची. आम्ही मानेत बांबूची कामटी घालत होतो. पाटोद्याकडची चौथीतली एक मुलगी, जी वर्गात विचारल्याशिवाय बोलत नसे, उठून पुढे आली. "बाई, मान नाही वाकत. मान ताठच ऱ्हाती. कमरंत वाकतंय." मग तिने स्वतःच्या डोक्यावर दप्तर ठेवून ट्रकच्या फळीवर चढल्यासारखे चालून दाखवले. मान काठीसारखी सरळ, डोळे समोर, आणि प्रत्येक पावलाला कंबर एका बाजूला. आम्ही मान घट्ट केली आणि बाहुलीचा सांधा कमरेत आणला. त्या क्षणापासून ती बाहुली चालताना पाहणाऱ्याला मोळीचे ओझे जाणवू लागले. ती मुलगी त्या हंगामात आमची मुख्य सूत्रधार झाली. मोठ्या मुलांना ती दटावत असे, "फळीवर असं नाही चढत, पाय आधी टेकव."

बाहुलीमुळे हे का घडते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या मुलीला मी "तुझी आई काय काम करते, सांग" म्हटले असते तर ती मान खाली घालून उभी राहिली असती. आईबद्दल सगळ्या वर्गासमोर बोलणे तिला जड गेले असते. पण बाहुलीची चूक दुरुस्त करताना ती जाणकार होती. वर्गात त्या विषयातले तिच्याइतके कुणाला येत नव्हते, मलाही नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, स्थलांतरावर बाहुल्यांचा खेळ करायचा तर तो स्थलांतरित मुलांना दाखवण्यासाठी किंवा त्यांच्याविषयी म्हणून करू नये. दोरी आणि काठी त्यांच्या हातात द्यावी. शहरातून येणारे काही चांगले गट तयार खेळ घेऊन येतात, मुले टाळ्या वाजवतात, गट निघून जातो. त्यांच्या हेतूबद्दल मला आदरच आहे, पण अशा खेळात कोपीवरचे मूल पुन्हा मागच्या रांगेत बसलेले असते.

आक्षेप आले, तेही सांगायला हवेत. पक्ष्यांच्या धड्यात मुकादम कशाला, असे एका अधिकाऱ्याने विचारले. गावातल्या काही पालकांना वाटले की आपल्याला, ऊसवाल्यांना, वाईट दाखवले जाईल. मी दोघांनाही खेळ पाहायला बोलावले. खेळात कुणी खलनायक नाही. उलट मुकादमाच्या बाहुलीचे एक स्वगत आहे, ते एका मुलाच्या चुलत्याने घालायला सांगितले. ते स्वतः मुकादम आहेत. कारखान्याकडून त्यांच्या नावावर पैसे उचललेले असतात, टोळीतले एक कुटुंब रातोरात निघून गेले की ते पैसे त्यांच्या अंगावर येतात. हेही खरेच आहे आणि मुलांना कळायला हवे. शेतकऱ्याच्या बाहुलीलाही तिची चिंता आहे, तुरा फुटलेला ऊस वेळेत तुटेना ही. पालकांचे नंतर काही म्हणणे उरले नाही. दोघा-तिघांनी पुढल्या खेळासाठी कळकाच्या काठ्या तोडून आणून दिल्या.

शाळेतला खेळ झाला की आम्ही तो कोप्यांवर नेतो. तिथल्या आयाबापांना दिवसा सवड नसते. पहाटे तीन-चारला फड गाठायचा, दिवसभर तोड, मग गाडी भरणे. संध्याकाळी चुली पेटतात तेव्हाच जायचे. तिथे कळसूत्री बाहुल्या अंधारात दिसत नाहीत, म्हणून सावल्यांचा खेळ करतो. दोन कोप्यांच्या मध्ये पांढरे धोतर ताणून बांधायचे आणि मागून ट्रॅक्टरचा दिवा लावायचा. ड्रायव्हर हौसेने ट्रॅक्टर वळवून देतात. दिवा फार प्रखर असतो, त्यावर पिवळा कागद लावला की सावली मऊ पडते. पुठ्ठ्याचे हंस कापडावर मोठे होत जातात आणि बायका भाकरी थापता थापता पाहतात. एकदा हंस हिमालय ओलांडताना एका आजोबांनी मोठ्याने विचारले, "लेकरं संगं आणत्यात का ठिवून येत्यात?" हंसाची त्या वर्षीची पिले आई-बापांबरोबरच उडत येतात, असे मी सांगितले. "मंग बरंय," ते म्हणाले. कोप्यांवर ज्यांची मुले गावाकडे म्हाताऱ्यांपाशी ठेवलेली असतात, त्यांना या उत्तराचे काय वाटले असेल, हे तिथल्या शांततेवरून कळत होते.

बाहुली आणि स्थलांतर हे नाते जगात इतरत्रही लोकांना सुचले आहे. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हँडस्प्रिंग या बाहुली कंपनीने घडवलेली साडेतीन मीटर उंचीची एक बाहुली, नऊ-दहा वर्षांची सीरियन निर्वासित मुलगी 'छोटी अमल', तुर्कस्तानात सीरियाच्या सीमेजवळच्या गाझियानतेपपासून इंग्लंडमधल्या मँचेस्टरपर्यंत गावोगाव चालत गेली. सुमारे आठ हजार किलोमीटरचा तो प्रवास होता. तिला चालवायला एक कलाकार आत उंच काठ्यांवर उभा आणि दोघे तिच्या हातांना. ठिकठिकाणी मुलांनी तिचे स्वागत केले, तर ग्रीसमधल्या लारिसा शहरात तिच्यावर दगडही फेकले गेले. पुढे २०२५ मध्ये अमलचा हा प्रवास घडवून आणणाऱ्या मंडळींनीच खऱ्या प्राण्यांएवढ्या बाहुल्यांचा एक कळप काँगोतल्या किन्शासापासून थेट उत्तर ध्रुववृत्तापर्यंत नेला. हवामान बिघडल्यामुळे जनावरे घर सोडून पळत आहेत, अशी त्यामागची कल्पना. मुलांना मी या दोन्हींचे फोटो दाखवते. अमलवर दगड का फेकले, हा प्रश्न त्यांना फार वेळ पुरतो.

पण प्रेरणेसाठी तेवढ्या लांब जायची आपल्याला गरज नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावली-बाहुल्या आणि चित्रे दाखवत कथा सांगण्याची चित्रकथी या तिन्ही कला जपल्या आहेत. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने ही मंडळी देवळादेवळांतून खेळ करत फिरत असत, म्हणजे त्यांचाही व्यवसाय पायावरचाच. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पुरस्काराच्या दिवशी आपण सगळ्यांनी कौतुक केले. पण आमच्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही पिंगुळीचा कलाकार प्रत्यक्ष पाहिलेला नाही. हिवाळ्याच्या हंगामात पिंगुळीचे कलाकार साखर पट्ट्यातल्या शाळांवर आठवडा-आठवडा मुक्कामी आले, त्यांना रीतसर मानधन मिळाले आणि त्यांनी मुलांना दोरी कशी धरायची, एका हाताने दोन बाहुल्या कशा बोलत्या ठेवायच्या हे शिकवले, तर दोन्हीकडे भले होईल. रामायणातल्या प्रसंगांना सरावलेल्या त्या हातांना हंस आणि कोयता जड जाणार नाहीत.

पैसा कुठून यायचा? शाळेतल्या बाहुल्यांना जवळजवळ खर्च नाही. पाचट फुकट, एक्स-रे फिल्म दवाखान्यातून, कागदाचा लगदा जुन्या वह्यांचा. लगद्यात मेथीचे पीठ कालवले की कसर लागत नाही, हे आपल्या आज्यांना माहीत होतेच. खर्च येतो तो कलाकारांच्या मानधनाचा आणि प्रवासाचा. तो हंगामाच्या काळात कारखान्यांनी उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मुलांचे आई-वडील गाळपासाठी ऊस तोडतात, त्यांच्या शिक्षणाशी कारखान्याचा संबंध नाही असे कुणी म्हणू नये. एके काळी या मुलांसाठी हंगामापुरत्या साखरशाळा होत्या, त्यात अनेकांनी कष्टाने काम केले. पुढे शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि या मुलांनी जवळच्या नियमित शाळेतच बसावे असे ठरले. त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर स्वच्छ शब्दांत टाकली आहे. गावाकडची शाळा शिक्षण हमी पत्रक देते, ते घेऊन मूल इथे आले की त्याला वर्गात बसवायचे. कागदावर इतके सरळ आहे. प्रत्यक्षात पत्रक कोपीच्या पेटाऱ्यात राहते, मोठी मुलगी धाकट्याला सांभाळत कोपीवर राहते, आणि आम्ही शिक्षकही 'चार महिन्यांसाठी कशाला' असे म्हणून मोकळे होणारे काही कमी नाही.

बाहुल्यांच्या खेळाने उचल फिटणार नाही, हे मला समजते. धाकट्याला सांभाळायचा प्रश्नही त्याने सुटत नाही. पण तालमीच्या दिवशी मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊनच शाळेत येते, आणि आम्ही त्याला मेंढ्या धरून बसवतो. शाळेत येण्याचे कारण तिला सापडले, की प्रवेशाचे कागद करणे आमचे काम. कोप्यांवर खेळ झाल्यानंतरच्या सकाळी शाळेच्या फाटकात नवीन चेहरे दिसतात. त्यांना पटावर घ्यायला मग कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

पट्टा पडला की ही मुले जातात. जाताना ज्याने जी बाहुली केली ती त्याला देतो, फक्त हंसांचा एक संच शाळेत ठेवतो. गेल्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षकाने आमच्या मुख्याध्यापकांचा फोन नंबर शोधून काढला. त्यांच्या शाळेत परतलेल्या दोन मुलांनी खेळ उभा केला होता, आणि सरांना रोहित पक्ष्याची चोच उलटी कशी काम करते ते विचारायचे होते. मुलांनी सांगितलेले बरोबर होते: रोहित डोके उलटे करून पाण्यात घालतो आणि चोचीतल्या चाळणीने अन्न गाळून घेतो. आता त्या शाळेशी आमचे पत्रव्यवहाराने ठरते आहे की, त्यांनी खेळाचा पहिला अंक बसवायचा, गाव सोडण्याचा. तो त्यांना जास्त चांगला माहीत आहे. दुसरा अंक आमचा.

संपादक महोदय, आपल्याकडे माझ्या दोन मागणीवजा विनंत्या आहेत. पुढच्या वेळी उजनीवर छायाचित्रकार पाठवाल तेव्हा त्याला संध्याकाळी कोप्यांवरही थांबायला सांगा, आम्ही धोतर बांधून ठेवू. आणि आपल्या बालपुरवणीत एखाद्या आठवड्यात पट्टकादंबाच्या सावली-बाहुलीची कापून घेण्याजोगी आकृती छापा. मान, धड आणि दोन पंख असे चार तुकडे, सांध्याच्या जागी टिंब, बाकी काही लागत नाही. आकृती काढून मी या पत्रासोबत पाठवली आहे. पंखांचे टोक पुठ्ठ्याच्या रेघांच्या दिशेत कापावे, आडवे कापले तर दुसऱ्याच खेळाला मोडते. ज्या शिक्षकांना बैलगाडी, मेंढ्या आणि मोळीवाल्या बाईचीही आकृती हवी असेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे कळवावे, मी स्वखर्चाने पाठवीन.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
भिगवण परिसर, ता. इंदापूर, जि. पुणे